कलर प्रोफाइल व प्रतिमेतील रंगदोष

संगणकीय छायाचित्रातील प्रत्येक बिंदूचा रंग तांबडा, हिरवा व निळा या घटकांच्या अंकांनी दर्शविलेला असतो. हे अंक नेमक्या कोणत्या छटेचे निदर्शक आहेत, हे सांगणाऱ्या माहितीस कलर प्रोफाइल म्हणतात. ‘अडोबी आरजीबी’ (१९९८) पद्धतीचे चित्र प्रोफाइलअभावी ‘एसआरजीबी’ समजून उघडल्यास ते फिके दिसते. याउलट घडल्यास भडक दिसते. अशा वेळी रंग अंदाजाने न बदलता मूळ प्रोफाइल पुन्हा नेमावे लागते. नेमणुकीत अंक तेच राहून दृश्य छटा बदलते. रूपांतरात अंक बदलतात व छटा शक्यतो टिकते. त्यापूर्वी संगणकाचा पडदा रंगमापकाने तपासून घेणे इष्ट असते.

मूळ वस्तू झिजत असल्यास या दक्षतेचे महत्त्व वाढते. भुसावळ येथे दफन झालेले रॉबर्ट गिल (मृत्यू १८७९) यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रंगीत प्रतिकृती केल्या होत्या. त्यांतील बहुसंख्य १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. अशा चित्रांचे छायाचित्र घेताना शेजारी प्रमाणित रंगपट्टी ठेवून फाइलीत प्रोफाइल जोडल्यास पुढील अभ्यासकांस रंग पडताळता येतात.