इंग्रजींतील ‘पाहिजे’

औषधाच्या पुडीवर ‘यू मस्ट नॉट टेक धिस विथ मिल्क’ असें वाक्य असलें, आणि दुसऱ्या पुडीवर ‘यू डोन्ट हॅव टू टेक धिस विथ मिल्क’ असें असलें, तर घाईनें वाचणाऱ्यास दोहोंचा अर्थ एकच वाटण्याचा संभव आहे. ‘हें दुधाबरोबर घ्यावयास नको’ असें दोहोंचेंहि मराठी करून तो मोकळा होईल. वस्तुतः पहिल्या वाक्यांत निषेध आहे: दुधाबरोबर घेऊं नका. दुसऱ्यांत मुभा आहे: दूध हवेंच असें नाहीं; घेतलें तरी हरकत नाहीं. टेट्रासायक्लीन हें औषध दुधाबरोबर घेतल्यास अंगीं नीट लागत नाहीं; तेव्हां हा भेद निव्वळ व्याकरणाचा नव्हे.

यांत सगळा दोष वाचणाऱ्याचा नाहीं. आपल्या ‘नको’च्या पोटांत दोन्ही अर्थ नांदतात. ‘उद्यां यावयास नको’ असें म्हटलें कीं गड्यास सुटी मिळाल्याचा आनंद होतो. ‘त्यानें असें बोलावयास नको होतें’ यांत मात्र सरळ ठपका आहे. कोणता अर्थ घ्यावयाचा हें आपण प्रसंगावरून व आवाजावरून ओळखतों. इंग्रजीनें हीं दोन कामें दोघांस वांटून दिलीं आहेत. निषेध ‘मस्ट नॉट’कडे, आणि मुभा ‘नीड नॉट’ व ‘डोन्ट हॅव टू’ यांकडे. मौज अशी कीं, होकारार्थी वाक्यांत ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ सख्ख्या भावांसारखे वागतात. मध्यें ‘नॉट’ शिरतांच एक पूर्वेस जातो व दुसरा पश्चिमेस.

होकारांतहि भावाभावांत थोडें अंतर आहेच. ‘आय मस्ट गो’ म्हणणाऱ्यास जाण्याची निकड स्वतःस वाटत असते. ‘आय हॅव टू गो’ म्हणणाऱ्यास साहेब, गाडीची वेळ किंवा कायदा ओढून नेत असतो. ‘मला गेलें पाहिजे’ आणि ‘मला जावें लागतें’ या दोन वाक्यांत मराठी मनुष्य हाच भेद रोज करतो. त्यासाठीं त्यास व्याकरणाचें पुस्तक उघडावें लागत नाहीं. इंग्रज लोक हा भेद नेहमीं कांटेकोरपणें पाळतात असें मात्र समजूं नये.

भूतकाळांत ‘मस्ट’ लंगडा पडतो. काल जावें लागलें, हें सांगतांना ‘हॅड टू’ची काठी घ्यावी लागते. याचें कारण इतिहासांत आहे. ‘मस्ट’ हेंच मुळांत एका जुन्या क्रियापदाचें भूतकाळी रूप. त्याचें वर्तमानरूप लोपलें आणि भूतकाळ वर्तमानाच्या गादीवर बसला. ‘शुड’ हें ‘शॅल’चें भूतरूप, आणि ‘ऑट’ हें देणें लागणें या अर्थाच्या ‘ओ’चें. ‘शॅल’चाहि जुना अर्थ देणें लागणें असाच होता; जर्मन भाषेंत त्याच कुळांतला ‘शुल्ड’ हा शब्द आजहि ऋण आणि अपराध या दोन्ही अर्थीं चालतो. आपण वाण्याचें ‘देणें लागतों’ आणि आपल्याला ‘जावें लागतें’, या दोहोंतलें क्रियापद एकच आहे, हें येथें सहज आठवतें. आज ‘शुड’ व ‘ऑट’ उपदेशाचे शब्द आहेत. ते न ऐकणारा चुकला असें म्हणतां येतें. आज्ञाभंग केला असें म्हणतां येत नाहीं.

खरी पंचाईत ‘शॅल’ची. बोलण्यांत तो विरळ झाला, पण कायद्यांत त्यानें ठाण मांडलें आहे. भारतीय संविधानाच्या ३२० व्या अनुच्छेदांत, सरकारी नोकरांच्या शिस्तीच्या प्रकरणीं लोकसेवा आयोगाचा विचार घेतला जाईल, या अर्थीं ‘शॅल’ योजिला आहे. १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें प्रश्न आला, तेव्हां न्यायालयानें ठरविलें कीं ही तरतूद बंधनकारक नसून मार्गदर्शक आहे. विचार घेण्यांत कसूर झाली एवढ्यावरून सरकारचा हुकूम रद्द होत नाहीं. ज्याची नोकरी पणास लागलेली असते, त्याचें सारें भवितव्य अशा वेळीं या एका शब्दाच्या वजनावर तोललें जातें.

अमेरिकेंत संघीय न्यायालयांच्या दिवाणी कार्यपद्धतीचे नियम २००७ सालीं नव्या भाषेंत लिहिले, त्या वेळीं या संदिग्धतेला कंटाळून ‘शॅल’ हद्दपार करण्यांत आला. जागोजागीं ‘मस्ट’, ‘मे’ किंवा ‘शुड’ बसविले. महत्त्वाच्या वस्तुस्थितीविषयीं खरा वाद नसेल तर सुनावणीवांचून निकाल द्यावा, अशा ५६ व्या नियमांत ‘शुड’ आला. पण ‘शुड’नें न्यायाधीशास फार मोकळीक मिळते, आणि ‘मस्ट’नें ती मुळींच उरत नाहीं, अशी अडचण दिसून आली. अखेर २०१० सालीं त्या नियमांत ‘शॅल’ परत आणून बसविला.