एकाच सूत्राची दोन मापे

वर्षातून दोनदा, जानेवारीच्या आणि जुलैच्या दराने, माझ्या निवृत्तिवेतनात महागाईपोटी भर पडते. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही. ही वाढ औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेली आहे. निर्देशांक कामगारांच्या नावाचा आणि त्याचा हमखास लाभ आम्हा सरकारी मंडळींना, ही विसंगती सेवेत असताना मला कधी जाणवली नाही, हे कबूल केले पाहिजे.

असंघटित मजुरांसाठी केंद्राने १९९६ मध्ये देशपातळीवर वेतनाचा एक तळ ठरवला : रोज ३५ रुपये. त्याला कायद्याचा आधार नव्हता. राज्यांना तो केवळ सल्ला होता. दर दोन-तीन वर्षांनी वाढत तो जून २०१७ मध्ये १७६ रुपयांवर आला. जुलै २०१९ मध्ये श्रममंत्र्यांनी १७८ रुपयांची घोषणा केली. वाढ दोन रुपयांची!

वेतन कसे मोजावे हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे मुळीच नाही. जुलै १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार संघटना यांनी गरजाधिष्ठित वेतनाचे सूत्र एकमताने स्वीकारले. कुटुंबाची तीन उपभोग-एकके, प्रत्येकी २,७०० उष्मांक, चौघांना वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे आणि इंधन-दिव्यासाठी वेगळी तरतूद. उष्मांकांचे गणित डॉ. वॉलेस आयक्रॉइड यांचे. कुन्नूरच्या पोषण संशोधन संस्थेचे हे संचालक बंगालच्या दुष्काळाच्या चौकशी आयोगाचेही सदस्य होते. भूक त्यांनी केवळ तक्त्यांत पाहिलेली नव्हती.

दुसऱ्या वेतन आयोगाने हे सूत्र अव्यवहार्य ठरवले. पुढे सातव्या आयोगाने मात्र तेच आधाराला घेतले आणि केंद्रीय कर्मचाऱ्याचे किमान वेतन १ जानेवारी २०१६ पासून दरमहा १८,००० रुपये झाले. कामाचे २६ दिवस धरले, तर रोजचे ६९२ रुपये होतात. म्हणजे १७६ च्या जवळजवळ चौपट. शिपायाच्या पोटाला आणि वीटभट्टीवरील मजुराच्या पोटाला लागणारे उष्मांक काही वेगळे नसतात.

अनेक राज्यांचे किमान दर या तळाहून बरेच वर आहेत, हे खरे. पण ज्या राज्याला दर खाली ठेवायचा असतो, त्याच्या हाती हा आकडा आयती सबब देतो, आणि स्थलांतरित मजूर बहुधा अशाच राज्यांतून निघतो. वेतन वाढवले तर छोटे उद्योग बुडतील, हा युक्तिवादही मी फायलींवर पुष्कळदा वाचला आहे. तो सर्वस्वी पोकळ नाही. म्हणूनच डॉ. अनुप सत्पथी समितीने जानेवारी २०१९ मध्ये ३७५ रुपयांच्या एकाच दराबरोबर दुसरा पर्यायही दिला होता : देशाचे पाच विभाग पाडून ३४२ ते ४४७ रुपये. उष्मांक २,४०० वर आणण्याची सवलतही समितीने दिली होती. तरीही त्याच वर्षी निवड झाली ती १७८ ची.

वेतन संहितेमुळे या तळाला आता कायद्याचे बळ मिळाले आहे. परंतु तळ किती खोल असावा, हे संहिता सांगत नाही. ते केंद्राने ठरवायचे आहे. त्यासाठी जून २०२१ मध्ये आणखी एक तज्ज्ञ गट नेमला गेला. मुदत तीन वर्षांची. त्या तीन वर्षांत, कोविडकाळात गोठवलेले हप्ते सुटल्यानंतर, माझा महागाईचा दर १७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेला. त्या काळात मजुराचा तळ होता तिथेच राहिला.