टाकीतच वंगण: जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलची घरगुती देखभाल

टू-स्ट्रोक इंजिनात चार-स्ट्रोक इंजिनासारख्या झडपा नसतात आणि क्रँकच्या खाली वंगणाच्या तेलाचा साठाही नसतो. पिस्टन वर सरकताना क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक ज्या बंद कोठीत फिरते तीत, पेट्रोल आणि हवेचे मिश्रण ओढले जाते. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण बाजूच्या खिडक्यांतून सिलिंडरमध्ये ढकलले जाते आणि क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो. मिश्रणाची वाटच या कोठीतून जात असल्यामुळे तेथे तेल भरून ठेवता येत नाही. ते पेट्रोलबरोबर आत जाते, वाटेत बेअरिंगांना व पिस्टनला वंगण देते आणि अखेर जळून धुरावाटे बाहेर पडते. त्यामुळे या गाडीची देखभाल ठरावीक किलोमीटर झाल्यावर सुरू होत नाही. ती दर वेळी टाकी भरताना होते किंवा चुकते.

टू-स्ट्रोक गाड्यांच्या इतिहासाच्या दृष्टीने बंगळुरूच्या दक्षिण टोकाला, होसूर रस्त्यावर वसलेली इलेक्ट्रॉनिक सिटी ही जागा पाहण्यासारखी आहे. केऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या महामंडळाने १९७८मध्ये कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या जमिनीवर ही वसाहत उभारली, आणि पुढे सॉफ्टवेअर कंपन्यांबरोबर पुणे, नाशिक, कोल्हापूर, बेळगावकडची मंडळीही तेथे राहायला आली. वसाहत संगणकांची असली, तरी तिच्या दोन्ही अंगांना टू-स्ट्रोकची जुनी घराणी आहेत. दक्षिणेला त्याच रस्त्यावर, तमिळनाडूची हद्द ओलांडताच होसूर लागते. तेथे टीव्हीएसची मोपेड १९८०मध्ये आणि सुझुकीच्या सहकार्याने बनलेली १०० सीसीची मोटारसायकल १९८४मध्ये तयार होऊ लागली. पश्चिमेला म्हैसूर आहे, जेथे आयडियल जावा या कारखान्यात १९६१पासून चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्याने जावा आणि १९७३पासून येझदी या नावाने गाड्या निघत होत्या. तो कारखाना १९९६मध्ये बंद पडला. यामाहाची आरएक्स १०० ही गाडी एस्कॉर्ट्सने १९८५पासून उत्तर भारतात बनवली आणि तीही १९९६मध्येच थांबली, पण बंगळुरूने तिला जणू दत्तकच घेतले. मराठी वाचकाच्या स्मरणातली दुधाच्या किटल्या लादलेली राजदूत आणि अहमदनगरची लुना याही याच कुळातल्या.

येथे ट्रायल्स या क्रीडाप्रकाराचा उल्लेख आवश्यक आहे, कारण टू-स्ट्रोकच्या घरगुती देखभालीचे बरेचसे शहाणपण त्याच्या अनुभवाशी जुळते. ट्रायल्समध्ये वेगाला किंमत नसते. खडक, ओढे आणि चिखल यांतून पाय जमिनीला न टेकता गाडी न्यायची असते आणि पाय टेकला की दंडाचे गुण लागतात. स्कॉटलंडमधली सहा दिवसांची प्रसिद्ध स्पर्धा १९६५मध्ये सॅमी मिलर याने बुल्टाको शेर्पा या स्पॅनिश टू-स्ट्रोकवर जिंकली आणि त्यानंतर या खेळात जड चार-स्ट्रोक गाड्यांची सद्दी संपत गेली. अशा गाडीचे इंजिन बहुतेक वेळ मंद गतीने फिरते, म्हणून तेल पुरते जळत नाही, प्लगवर काजळी साचते आणि सायलेन्सर तुंबतो. बंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकातून इलेक्ट्रॉनिक सिटीकडे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या येझदीचे दुखणे नेमके हेच असते. खडक तेवढे नसतात, आणि पाय टेकल्याचा दंडही नसतो.

तेलाच्या बाबतीत या गाड्यांचे दोन पंथ आहेत. येझदीत मालकाने स्वतः पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल, म्हणजे टू-स्ट्रोकसाठीचे तेल, मिसळायचे असते आणि जुने प्रमाण साधारण पंचवीसास एक, म्हणजे लिटरमागे ४० मिलिलिटर, असे धरले जाते. हे तेल थेट टाकीत ओतून गाडी हलवण्याची सवय सर्रास दिसते, पण ती चुकीची आहे. तेल पेट्रोलपेक्षा जड असल्याने न मिसळलेले तेल तळाशी, नेमके पेट्रोलच्या कॉकपाशी बसते, त्यामुळे आधी जाड तेल जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्रात, अडकते आणि नंतर उरलेले, तेल कमी असलेले पेट्रोल इंजिनात जाते. वेगळ्या कॅनमध्ये थोड्या पेट्रोलात तेल हलवून घेऊन मग उरलेले पेट्रोल त्यात घालणे, एवढाच त्यावरचा उपाय आहे. आरएक्स १००मध्ये तेलाची निराळी टाकी असते आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलशी जोडलेला एक छोटा पंप गरजेप्रमाणे तेल सोडतो. ही टाकी एकदा रिकामी झाली की नळीत हवा अडकते आणि नुसते तेल भरून भागत नाही. पंपाचा ब्लीडिंग स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्यावे लागते. अनेक मालक भरवसा नाही म्हणून पंपच काढून टाकतात. केबल ताणून पंपावरची खूण जुळवण्याचे काम थोडक्यात होणारे असल्याने ही घाई अनाठायी म्हटली पाहिजे.

इंजिनाच्या आतली हकीकत प्लग सांगतो. गाडी व्यवस्थित तापवून चालवल्यानंतर काढलेल्या प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक समजावे; काळे व ओले असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त होते आहे, आणि पांढुरके, भाजल्यासारखे असेल तर मिश्रणात हवा जास्त आहे, आणि या इंजिनात तो खरा धोका असतो, कारण तापलेला पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये जाम होतो. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा मुंबईपेक्षा जवळजवळ एक दशांशाने विरळ असते. मुंबईच्या हवेला जुळवलेली गाडी बंगळुरूत थोडा काळा धूर टाकते, त्यात फारसे बिघडत नाही. परंतु बंगळुरूत अगदी काटेकोर, बारीक जेटवर बसवलेली गाडी घाट उतरून गोव्याला नेली, तर खालच्या दाट हवेत तेच मिश्रण तेथे कोरडे पडते. लांबच्या प्रवासाआधी मुख्य जेट एक आकडा मोठा ठेवणारा मालक म्हणूनच अनुभवी समजावा.

सर्वांत फसवा दोष ऑईल सीलचा असतो. क्रँकच्या दोन्ही टोकांना असलेल्या रबरी कड्या कोठी हवाबंद ठेवतात आणि वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत त्या कडक होतात. मॅग्नेटोकडील सील गेले तर तेथून फुकटची हवा आत शिरते, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनाचा आवाज लगेच खाली उतरत नाही. क्लचकडील सील गेले तर गिअरबॉक्सचे तेल कोठीत ओढले जाऊन पांढरा धूर निघतो आणि बाहेर कोठेही गळती नसताना तेलाची पातळी घटत राहते. या खुणा ओळखता न आल्यामुळे कार्ब्युरेटर तीन-तीनदा खोलणारे लोक भेटतात.

हेड खोलून कार्बन काढण्याचे काम मात्र घरच्या पार्किंगमध्ये सहज होते. पिस्टन सर्वांत वर आणून लाकडाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीने काजळी खरवडावी. पोलादी अवजाराने ओरखडे पडतात आणि त्यांतच नवी काजळी धरते. एक्झॉस्टची खिडकी पिस्टन खाली नेऊन साफ करावी. सिलिंडर उतरवलाच, तर रिंगची दोन टोके पिस्टनमधल्या बारीक खिळीवर बसली आहेत याची खात्री करून मगच तो परत चढवावा, कारण ती खिळी नसती तर रिंग फिरून तिचे टोक खिडकीत अडकले असते. सायलेन्सरच्या आतली जाळी जाळून साफ करण्याची मेकॅनिकची जुनी रीत सोसायटीच्या तळघरात अर्थातच चालत नाही. ते काम गॅरेजवर सोपवणे शहाणपणाचे. सुटे भाग बंगळुरूच्या जे. सी. रोडवरच्या दुकानांत मिळतात, मात्र तेथील नव्या पिस्टनचा दर्जा सारखा नसतो आणि जुना, मूळ कारखान्याचा माल सापडला तर तो आधी घ्यावा.

अलीकडे नवी अडचण आली आहे ती २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, जुन्या रबरी नळ्या व वॉशर फुगवते आणि पुरेसे पाणी मुरले की पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. मालक आठवडाभर कचेरीत आणि गाडी तळघरात, अशा घरी हा दोष लवकर दिसतो. गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल संपते. वाटीखाली स्क्रू असल्यास उरलेले थेंबही काढावेत, आणि पुन्हा सुरू करताना टाकीतल्या जुन्या मिश्रणावर भिस्त न ठेवता ताजे पेट्रोल मोजून तेल घातलेले भरावे.