‘मातीविना शेती’ : एका संज्ञेचा अर्थविचार

शास्त्रीय संज्ञेला देशी रूप देताना मूळ शब्दातील कोणता अंश घ्यावा आणि कोणता सोडावा, हा प्रश्न भारतीय भाषांपुढे वारंवार उभा राहिला आहे. ‘हायड्रोपोनिक्स’ या संज्ञेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मराठीत तिला ‘मातीविना शेती’ म्हणण्याचा प्रघात आहे. हिंदीतील ‘मिट्टी रहित खेती’ आणि बंगालीतील ‘माटी छाडा चाष’ हे प्रयोगही त्याच वळणाचे आहेत. तिन्ही भाषांनी या पद्धतीची ओळख एका अभावावरून करून दिली. मूळ शब्दात अभाव नाही. ग्रीक भाषेत ‘हायडोर’ म्हणजे पाणी व ‘पोनोस’ म्हणजे श्रम. दहाव्या शतकातील बायझंटाइन कृषिसंग्रहाचे ‘जिओपोनिका’ हे नाव भूमीवरील श्रम सुचविते; त्याच धर्तीवर पाण्यातील श्रम सुचविणारा हा शब्द घडविला गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिके यांनी आपल्या पद्धतीस प्रथम दुसरे नाव दिले होते. परंतु ते जलचरांच्या संवर्धनासाठी आधीच रूढ असल्यामुळे सेचेल या सहकाऱ्याने सुचविलेला हा शब्द त्यांनी १९३७ मध्ये स्वीकारला.

शब्द नवा असला तरी विचार जुना होता. १६९९ मध्ये जॉन वुडवर्ड यांनी निरनिराळ्या पाण्यांत पुदिना वाढवून पाहिला, तेव्हा स्वच्छ पाण्यापेक्षा माती मिसळलेल्या पाण्यात तो अधिक वाढला. मातीतील ते नेमके काय, याचे उत्तर पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील साक्स व नॉप यांच्या प्रयोगांतून मिळाले. नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक व लोह यांचे क्षार पाण्यात विरघळवून दिले, तर वनस्पती मातीवाचून वाढू शकते.

भारतात ही पद्धत आणण्याचे श्रेय जेम्स शोल्टो डग्लस यांना दिले जाते. १९४६ पासून त्यांनी बंगालमध्ये कालिंपाँगच्या परिसरात प्रयोग केले. पाश्चात्त्य यंत्रसामग्री सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची असल्याने त्यांनी खडी-वाळूने भरलेल्या साध्या हौदांत कोरडे क्षार पसरून वरून पाणी देण्याची रीत बसविली. तीच ‘बंगाल पद्धती’ या नावाने त्यांच्या ग्रंथाद्वारे प्रसिद्ध झाली. येथे माती नव्हती, पण ठराविक दिवशी क्षार टाकणारा व पाणी घालणारा हात होता.

हा हात कशासाठी लागतो, हे मातीचे कार्य पाहिले म्हणजे उमगते. माती मुळांना आधार देते, पाणी धरून ठेवते, कणांमधील पोकळीतून हवा खेळविते आणि अन्न पुरविते. यांखेरीज तिचे एक कार्य सहसा नजरेत येत नाही. चिकणमातीचे व कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचे कण क्षार धरून ठेवतात व हळूहळू सोडतात; सामू एकदम बदलू देत नाहीत. एखादे दिवशी खत जास्त झाले वा पाणी चुकले, तरी रोप तग धरते. मराठी शेतकरी जमिनीला ‘काळी आई’ म्हणतो, आणि चूक पोटात घालणे हा आईचाच धर्म होय. पाण्याला तो धर्म नाही.

म्हणून घरच्या गच्चीत वा सज्जात ही बाग करणाऱ्यास मातीची सारी कामे स्वतः करावी लागतात. द्रावणाचा सामू साधारणतः ५.५ ते ६.५ या मर्यादेत ठेवावा लागतो. तो याहून फार वर गेला की लोह द्रावणात असूनही मुळांना मिळेनासे होते व कोवळी पाने पिवळी पडतात. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट वा फॉस्फेट यांची तीव्र द्रावणे एकत्र केल्यास साका बसतो व अन्न वाया जाते. ती वेगळी ठेवून भरपूर पाण्यातच मिसळावी लागतात. भांड्यात उजेड शिरला तर शेवाळ माजते. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो. त्यामुळे उन्हाळ्यात मुळे कुजण्याचे भय वाढते.

यांतील सर्वांत सोपी रीत हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅट्की यांची आहे. तीत पंप नाही, वीज नाही. सुमारे ४ लिटर द्रावणाच्या झाकलेल्या भांड्यात लेट्यूसचे एक रोप ठेवतात. रोप पाणी पिते तशी पातळी उतरते आणि वरच्या रिकाम्या जागेतील मुळे हवा घेतात. काळजीपोटी भांडे पुन्हा काठोकाठ भरले, तर हवा घेणारी हीच मुळे बुडून गुदमरतात. याउलट उथळ पन्हळीतून द्रावण सतत वाहते ठेवण्याच्या पद्धतीत वीज गेली, की काही तासांतच रोपे माना टाकतात.

पालेभाज्या या बागेत लवकर साधतात. टोमॅटो व मिरची यांना अधिक तीव्र द्रावण, भक्कम आधार व दिवसाचे सहा-आठ तास ऊन हवे. बंद सज्जात वारा नसेल तर फुलांचे घोस हलवून परागीभवनही माळ्यानेच करावयाचे असते. स्ट्रॉबेरीच्या फुलांवरून मऊ कुंचला फिरवितात. झेंडू व झिनिया यांसारखी फुलझाडे काथ्याच्या भुशात चांगली वाढतात. मात्र भुशातील मीठ आधी धुऊन काढावे लागते.

एवढे करून उत्पन्न किती? गेरिके यांच्या उंच टोमॅटोंनी १९३० च्या दशकात मोठी खळबळ उडविली होती. त्यांच्याच विद्यापीठातील होगलंड व आर्नन यांनी १९३८ मध्ये सावध निष्कर्ष मांडला : इतर परिस्थिती सारखी असेल, तर चांगल्या मातीपेक्षा पाण्यातील पीक मुळात सरस ठरत नाही. फायदा जागेचा, पाण्याच्या बचतीचा व नियंत्रणाचा आहे. जेथे अंगण नाही, तेथे तो लहान नव्हे.

संज्ञेकडे परत आल्यास, ‘मातीविना शेती’ हा प्रयोग सुबोध आहे आणि रूढही झाला आहे. तो टाकण्याचे कारण नाही. परंतु ‘विना’ या शब्दाने कष्टही गेल्याचा आभास होतो, आणि महागडी साधने आणून महिन्याभरात ती अडगळीत टाकणाऱ्या अनेकांची फसगत या आभासातूनच होते. भाषांतरात गळलेला ‘पोनोस’ असा व्यवहारात परत येतो. ‘विना’ची व्याप्ती मातीपुरतीच आहे, श्रमापर्यंत ती पोहोचत नाही, एवढे स्पष्टीकरण कोशकाराने या नोंदीखाली दिल्यास संज्ञेतील ही उणीव भरून निघेल.