वादळ किती झाडांचं?

फैजपूरच्या मुलांना केळीची बाग नवी नाही. म्हणून सिनेमा-टीव्हीकडे डोळसपणे बघायला शिकवायची सुरुवात तिथूनच करावी. वादळात मोडलेल्या बागेची बातमी लावा. कॅमेरा आडव्या झालेल्या चार खोडांवर खिळला, की सगळं शिवार झोपल्यासारखं वाटतं. तोच बांधावरून लांबून धरला, की मागची उभी झाडंही दिसतात. दोन्ही दृश्यं खरी. मग विचारायचं, चौकटीबाहेर काय राहिलं आणि ते कोणी ठरवलं? आवाज बंद करून पुन्हा दाखवा. जाहिरातींवर तर हा प्रयोग फारच रंगतो.

पडद्यामागचं उघड करून दाखवण्याची हौस दादासाहेब फाळक्यांनाही होती. कुंडीतल्या वाटाण्याची वाढ रोज थोडीथोडी टिपून त्यांनी काही क्षणांत दाखवली. पुढे चित्रपट कसा तयार होतो यावरच त्यांनी लघुपट केला. त्यात कामात गढलेले फाळके स्वतः दिसतात. लांबलचक व्याख्यानापेक्षा तो दाखवावा. नंतर मुलांच्या हाती मोबाईल देऊन शाळेच्या मैदानाची दोन चित्रणं करायला सांगावीत: एक गजबजलेलं, एक ओसाड. वेळ मात्र तीच, मधल्या सुट्टीची.