ग्राफिक्स कार्ड केव्हां बदलावें?

सुशिक्षित कुटुंबांतून अलीकडे एक नवाच प्रश्न उपस्थित होऊं लागला आहे. घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी व्हिडिओ संपादनाचें काम शिकते. प्रथम घरच्या मुंजीचें चित्रण नीट जोडून दाखविते. मग स्नेह्यासोबत्यांच्या लग्नांचीं कामें येऊं लागतात, आणि एके दिवशीं वडील माणसांपुढें मागणी येते कीं, संगणकांतलें ग्राफिक्स कार्ड आतां बदललें पाहिजे. मागणी लहान नसते. चांगल्या कार्डाच्या किमतींत एखाद्या घराचा दोन-तीन महिन्यांचा किराणा सहज भरावा. खर्चाची वही ज्यांच्या हातीं असते त्या आजोबांस अथवा काकांस कार्ड म्हणजे काय हें ठाऊक नसतें, आणि मुलांस तें समजावून सांगण्याचा धीर नसतो. मग एकतर रुसवेफुगवे होऊन मागणी पडून राहते, नाहीं तर कटकट नको म्हणून पैसे दिले जातात. हे दोन्ही प्रकार आम्हांस सारखेच गैर वाटतात, म्हणून ह्या विषयाची थोडी फोड करून सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें लक्ष ह्या प्रश्नाकडे वेधलें तें नगर जिल्ह्यामुळें. (सरकारी दप्तरांत २०२४ पासून त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे, लोकांच्या तोंडीं तें अद्याप नगरच.) क्षेत्रफळानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा आणि चौदा तालुक्यांचा हा जिल्हा, लग्नसराईंत तालुक्याच्या गांवीं सुद्धां आतां चित्रण केल्यावांचून कार्य होत नाहीं. शिवाय ह्या शहराचें चित्रपटाशीं नातें जुनें आहे. प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) मध्यें ज्ञानदेवांची भूमिका करणारे शाहू मोडक मूळचे नगरचेच. नागराज मंजुळे ह्यांनीं येथील न्यू आर्ट्स महाविद्यालयांत शिक्षण घेत असतां केलेल्या 'पिस्तुल्या' ह्या लघुपटास २०११ सालीं जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत मान मिळाला. शाहू मोडकांच्या काळीं संपादक फिल्मची पट्टी हातांत धरून कापीत व चिकटवीत असे. आतां तेंच काम पडद्यावर होतें. पण कोठें कापावें हें तेव्हांही यंत्र सांगत नव्हतें व आतांही सांगत नाहीं. हें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, कार्ड घेतल्यानें काम लवकर होईल, चांगलें होईलच असें नाहीं. काम लवकर होणें हेंही जेथें पोटाशीं निगडित असतें, तेथें मात्र तें क्षुल्लक समजूं नये.

आतां कार्डाचें काम काय तें पाहूं. व्हिडिओ म्हणजे एकापाठोपाठ एक झपाट्यानें दाखविलेलीं स्थिरचित्रें. आपल्याकडे बहुधा सेकंदास पंचवीस. हल्लीं ज्याला 'फोर-के' म्हणतात त्या प्रकारच्या एका चित्रांत आडवे ३,८४० व उभे २,१६० असे मिळून ८२,९४,४०० ठिपके असतात. रंग थोडा उजळावयाचा म्हटलें तरी ह्या प्रत्येक ठिपक्याचा हिशेब नव्यानें करावा लागतो, आणि तोही सेकंदांतून पंचवीस वेळां. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा हुशार कारकुनासारखा असतो. त्यास कोणतेंही काम सांगावें, पण हात थोडे. ग्राफिक्स कार्डावर साधे पण हजारों हात असतात व ते एकाच वेळीं एकच बेरीज निरनिराळ्या ठिपक्यांवर करूं शकतात. १९९९ सालीं एनव्हिडिया कंपनीनें 'जीफोर्स २५६' ह्या कार्डाची जाहिरात जगांतील पहिलें 'जीपीयू' म्हणून केली, ती खेळ खेळणाऱ्यांसाठीं. पुढें ह्याच हजार हातांचा उपयोग संपादनास होतो हें ध्यानांत आलें आणि २०१० पासून अडोबीच्या प्रीमियर प्रो मध्यें त्याची सोय झाली. दा विंची रिझॉल्व्ह हा संपादनाचा कार्यक्रम तर मुख्यतः कार्डावरच विसंबून चालतो.

कार्डावर स्वतःची स्मृति असते, तिचेंही महत्त्व आहे. रंगकामाच्या वेळीं प्रत्येक ठिपक्यामागें सोळा बाइट धरले तर फोर-के चें एकच चित्र तेरा कोटी बाइटांहून अधिक जागा खातें. आठ गिगाबाइटांच्या कार्डांत अशीं साठ-बासष्ट चित्रें मावतील. अंधाऱ्या मांडवांतील चित्रणाचा रवाळपणा काढावयाचा तर मागचींपुढचीं अनेक चित्रें एकदम पुढ्यांत घ्यावीं लागतात. वर दोन-तीन थर, अक्षरें, फुलें, आणि ही जागा पाहतां पाहतां भरते. ती भरली कीं कार्यक्रम मध्येंच थांबतो व स्मृति संपल्याची सूचना दाखवितो. म्हणून फोर-के चें काम नियमानें करावयाचें असेल तर आठ गिगाबाइटांखालीं जाऊं नये, बारा किंवा सोळा मिळाल्यास उत्तम.

परंतु पुष्कळदां संगणक अडतो तो ह्या हिशेबामुळें नव्हे, आणि येथेंच बहुतेकांची फसगत होते. कॅमेरा जें चित्रण सांठवितो तें गच्च दाबून भरलेलें असतें. प्रत्येक चित्र पूर्ण न ठेवतां, एक पूर्ण चित्र व त्यापुढें केवळ बदल, अशी नोंद असते. वहींत शिल्लक क्वचित् लिहावी आणि बाकीच्या पानांवर फक्त जमाखर्च, तसें. मधलें एखादें पान हवें झालें कीं मागच्या शिलकेपासून बेरजा करीत यावें लागतें. संपादक तर सारखा मागेंपुढें उड्या मारीत असतो. ही उलगड करण्यास कार्डावर एक निराळा लहानसा विभाग असतो, आणि इंटेलच्या अनेक प्रोसेसरांतही तो मुळांतच असतो. लग्नाचे छायाचित्रकार वापरतात त्यांपैकीं कित्येक कॅमेरे आतां 'दहा बिट, ४:२:२' ह्या प्रकारानें चित्रण करितात. एनव्हिडियाच्या २०२५ पूर्वींच्या कार्डांस ह्या प्रकाराची उलगड करतां येत नाहीं. ती सोय पन्नास मालिकेपासून आली. उलट इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बहुतेक प्रोसेसरांत, एच. २६५ पुरती तरी, ती आहे. तेव्हां महागडें पण जुनें कार्ड आणून व्हिडिओ पूर्वींसारखाच अडखळतो, आणि घरांत तोंडें कडू होतात. प्रोसेसरच्या नांवापुढें 'एफ' हें अक्षर असेल तर हा अंगचा विभाग त्यांत नसतो, हेंही संगणक घेतांना पाहून ठेवावें.

मग कार्ड बदलावें कीं नाहीं हें कसें ठरवावें? त्यास दुकानदारास विचारण्याचें कारण नाहीं. मुलास संपादनाचें नेहमींचें काम चालू करावयास सांगावें, आणि विंडोजमधील 'टास्क मॅनेजर' उघडून त्यांतील 'परफॉर्मन्स' हें पान शेजारीं ठेवावें. वडील माणसांनीं स्वतः शेजारीं बसून पाहावें; त्यांत अवघड असें कांहींच नाहीं. काम अडखळतांना कार्डाचा आलेख शंभराला टेकला असेल किंवा कार्डाची स्मृति कांठोकांठ भरली असेल, तर मागणी रास्त आहे. कार्ड वीस टक्क्यांवर निवांत आणि प्रोसेसर शंभरावर धापा टाकीत असेल, तर कार्ड बदलून लाभ थोडा. संगणकाची साधी स्मृति भरली असेल, किंवा चकतीचा आलेख सतत शंभरावर असेल, तर दोष तेथें आहे व तो पुष्कळ कमी पैशांत दूर होतो.

सावेडी भागांतील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत हेंच घडलें. पुतण्या संपादनाचीं कामें घेतो. चुलत्यांच्या हातीं व्यवहार. पुतण्याची मागणी नव्या कार्डाची. चुलत्यांनीं नकार न देतां वरीलप्रमाणें शेजारीं बसून पाहिलें, तों साधी स्मृति आठ गिगाबाइट, ती पूर्ण भरलेली, आणि सारें चित्रण जुन्या फिरत्या चकतीवर. प्रथम स्मृति बत्तीस केली व एक एस.एस.डी. घेतली. त्याबरोबर पुतण्या 'प्रॉक्सी' करावयास शिकला. म्हणजे मूळ चित्रणाच्या लहान आकाराच्या नकला करून त्यांवर काटछाट करावयाची आणि शेवटीं मूळ चित्रण जोडावयाचें. ही सोय प्रीमियर व रिझॉल्व्ह दोहोंतही असून तिला एक पैसाही पडत नाहीं. एक लग्नसराई तशीच निभावली. पुढच्या वर्षीं रंगकामाचीं मोठीं कामें आलीं, तेव्हां खरोखरच आलेख कार्डावर जाऊन टेकला आणि चुलत्यांनीं आपण होऊन पैसे काढून दिले.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाहीं. नवें कार्ड बसविल्यावर, एका लग्नाचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशीं द्यावयाचा असतां, अखेरची प्रत काढतांना संगणक पट्‌कन बंद पडे. पुन्हा चालू करावा, पुन्हा बंद. वैशाखाचे दिवस, वर पंखा गरगरतो आहे, वधूपित्याचे फोन येताहेत, आणि मुलाचें बोलून चालून हें पहिलें मोठें गिऱ्हाईक. कार्ड ज्यानें दिलें त्या दुकानदारानें कार्डच सदोष असल्याचें सांगून तें पंधरा दिवसांसाठीं ठेवून घेण्याची तयारी दाखविली. घरांतील आत्याबाई वीज मंडळांतून निवृत्त झालेल्या. त्यांनीं शांतपणें विचारलें, "अरे, ह्या डब्याला वीज पुरवणारी पेटी कितीची आहे?" पेटी होती जुनी, बिननांवाची, वर ४५० वॅट छापलेलें. शेजारच्या मुलाची चांगली ५५० वॅटची पेटी रात्रीपुरती उसनी आणून लावली आणि पहाटेपर्यंत प्रत निघाली. कार्ड निर्दोष होतें.

विजेचा हा भाग लोक अगदींच विसरतात. 'आर.टी.एक्स. ४०६०' हें २०२३ चें कार्ड ११५ वॅट घेतें, २०२५ चें '५०६०' हें १४५, व २०२१ चें '३०६०' हें १७०. तिहींसही कंपनी ५५० वॅटची पेटी सांगते, आणि ती नामांकित असावी. पेटींतून कार्डासाठीं निघणारी आठ टोंकांची तार आहे कीं नाहीं, डब्याच्या आंत कार्डाच्या लांबीइतकी जागा आहे कीं नाहीं, हें पट्टी घेऊन आधीं मोजावें. घरचा ६०० व्हीएचा यू.पी.एस. प्रत्यक्षांत बहुधा ३६० वॅटच देतो. कार्ड, प्रोसेसर व पडदा मिळून भर कामांत त्याच्या जवळपास जातात, तेव्हां वीज गेल्यावर तो किती तग धरील ह्याचा अंदाज घ्यावा. नगरकडचा उन्हाळा चाळिशी ओलांडणारा आणि धुरळा तर पांचवीला पुजलेला. दर दोन महिन्यांनीं डबा उघडून फुंकणीनें धूळ काढावी. काढतांना पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावींत. भिंतींतील तिसरें छिद्र खरोखर जमिनीस जोडलेलें आहे ना, हें वायरमनकडून एकदां तपासून घ्यावें. आणि एक बारीकशी गोष्ट: कार्ड बसविल्यावर पडद्याची तार कार्डास लावावी, मागील जुन्या छिद्रास नव्हे. पुष्कळ घरीं नवें कार्ड महिनेच्या महिने नुसतें शोभेला बसलेलें असतें तें ह्याच कारणानें! इंटेल प्रोसेसरचा अंगचा विभागही बंद पडूं न देतां बायोसमधून चालू ठेवावा. वर सांगितलेल्या उलगडीस तो उपयोगी पडतो.

जुनें कार्ड घ्यावें काय, असें पुष्कळ विचारतात. २०२१ च्या सुमारास कूटचलनाच्या खाणकामासाठीं कार्डांचे भाव अतोनात चढले. सप्टेंबर २०२२ मध्यें इथेरियमनें ती पद्धति सोडली तेव्हां रात्रंदिवस राबविलेलीं कार्डें बाजारांत आलीं. त्यांतलीं सर्वच वाईट असें नव्हे. पण अर्धा तास भर कामाला जुंपून पाहिल्याशिवाय पैसे देऊं नयेत. जुनी चिप घालून वर '१०५० टी-आय'चें नांव चढविलेलीं बनावट कार्डेंही निघालेलीं आहेत. 'जीपीयू-झेड' हा फुकट मिळणारा कार्यक्रम खरें काय तें दाखवितो. शिवाय खऱ्या '१०५० टी-आय'च्या त्या पिढीसाठीं नेहमींचे नवे ड्रायव्हर देणें एनव्हिडियानें २०२५ मध्यें थांबविलें, तेव्हां तीं कार्डें स्वस्तांत मिळालीं तरी संपादनाकरितां घेऊं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे. '३०६०' घ्यावयाचें तर बारा गिगाबाइटांचेंच. त्याच नांवाचें आठाचें भावंडही विकलें जातें व तें मंद आहे. नव्या कार्डावर अठरा टक्के जी.एस.टी. पडतो. मूल काम धंदा म्हणून करीत असेल व त्याची नोंदणी असेल तर ह्या करासंबंधीं हिशेबनिसास अवश्य विचारावें. पावती मात्र प्रत्येकानेंच घ्यावी, कारण हमीचा सारा भार तिच्यावर असतो.

एका बाबतींत मात्र कार्डाची मागणी आली तर ती निःसंकोच बाजूस ठेवावी. अनेक घरांत १९९०-२००० च्या सुमारच्या लग्नामुंजींच्या व्हिडिओ कॅसेटी कपाटांत पडून आहेत, आणि त्या संगणकावर घेण्यासाठीं मोठें कार्ड लागतें अशी समजूत आहे. त्या काळच्या आपल्याकडील चित्रांत ७२० गुणिलें ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. फोर-के च्या बरोबर विसाव्या हिश्शानें. दहा वर्षांपूर्वींचा साधा संगणकही तें काम करील. खर्च करावा तो चालू स्थितींतला व्हीसीआर मिळविण्यावर, त्याचें डोकें साफ करून घेण्यावर आणि चित्र आंत घेणाऱ्या लहानशा उपकरणावर. दमट कपाटांत कॅसेटीच्या फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी फीत यंत्रांत घातली तर यंत्रही बिघडतें व फीतही तुटते. म्हणून झडप उघडून उजेडांत आधीं पाहावें, बुरशी दिसेल ती कॅसेट जाणकाराकडे द्यावी, बाकीच्या एकदां पुढें व एकदां मागें पूर्ण फिरवून मग घ्याव्या. व्हीसीआर दुरुस्त करणारीं माणसें दरवर्षीं कमी होत आहेत, आणि ज्या आजीचा आवाज दुसरीकडे कोठेंच उरलेला नाहीं ती कॅसेट सर्वांत आधीं फिरवावी.