शाळा किती लांब? : प्राथमिक शिक्षण, साक्षरता आणि आपलं वऱ्हाड

(अकोला येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिलाय 'शासन आणि प्राथमिक शिक्षणाचा प्रसार'. विषय वाचूनच काहींना जांभई आली असेल. योजनांची नावं, जीआर, टक्केवारी, आणि शेवटी चहा! म्हणून मी आज एकच प्रश्न हातात धरून बोलणार आहे. शाळा लेकरापासून किती लांब आहे?

लांब म्हणजे फक्त किलोमीटरनं नाही. पैशानं लांब असते, जातीनं असते, भाषेनं असते, भुकेनं असते. माझं म्हणणं असं, की शासनानं जेव्हा जेव्हा हे अंतर कमी केलं, तेव्हा शिक्षण पसरलं. अंतर तसंच ठेवून नुसता हुकूम काढला, तेव्हा तो कागदावर राहिला. हे आधी इतिहासात पाहू, आणि मग आजच्या एका निर्णयाला हीच फूटपट्टी लावू.

मागणी जुनी आहे

१९०१ च्या जनगणनेत सगळ्या हिंदुस्थानात शंभरातली पाच-सहा माणसं साक्षर होती. बायकांमध्ये तर शंभरात एकसुद्धा भरत नव्हती. म्हणजे गावात पत्र आलं की ते वाचून घ्यायला माणूस शोधत फिरायचं. सावकाराच्या कागदावर काय लिहिलंय, हे सावकारच सांगणार आणि आपण अंगठा देणार.

याच्या वीस वर्षं आधी, १८८२ साली, महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढं निवेदन दिलं. त्यांचा हिशेब सरळ होता. सरकारची तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामातून, आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे. म्हणून निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी मागितलं. शिक्षक कसा हवा, तेही सांगितलं. नांगर धरायची ज्याला लाज वाटत नाही, असा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. इमारत गावात असली आणि मास्तर मनानं गावाबाहेर असला, तर शाळा लांबच राहते.

पुढं बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कायदा केला. ब्रिटिश मुलखात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडलं. किती मवाळ विधेयक होतं ते! तरी १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. विरोधकांची कारणं ऐकली तर आजची वाटतील: पैसा नाही, लोकांना नको आहे, शेतात काम कोण करणार?

वऱ्हाडात काय झालं?

आपलं वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं. त्या प्रांतात १९२० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. पण त्यात मेख होती. सक्ती करायची की नाही, हे स्थानिक संस्थांवर सोडलेलं. म्हणजे ज्या जिल्ह्याला वाटलं, त्यानं करावी.

अशा वेळी गादीवर कोण बसलंय याला अर्थ येतो. डॉ. पंजाबराव देशमुख, अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. शेतकऱ्याचा मुलगा विलायतेत शिकून परत आला आणि १९२८ मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचा अध्यक्ष झाला. कौन्सिलच्या विहिरी त्यांनी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. १९३० मध्ये ते प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. या सगळ्यात मला त्यांचं श्रद्धानंद छात्रालय मोठं वाटतं. खेड्यातलं पोरगं अमरावतीत शिकायला येणार कसं? राहणार कुठं, जेवणार कुठं? गावात हायस्कूल नेता येत नाही ना, मग पोराला शाळेजवळ आणून ठेवा. आणि सगळ्या जातींची पोरं एका छताखाली ठेवा. एका वसतिगृहानं दोन अंतरं कापली. तिकडं साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील हेच करत होते.

आणि गाडगेबाबा! शेंडगावचा हा माणूस स्वतः शाळेत गेलेला नव्हता. पण रात्रीच्या कीर्तनात सांगायचा, की जेवणाची ताटं विका, पण लेकरांना शिकवा. सरकारी हुकुमाला जे जमलं नाही ते या कीर्तनांनी केलं. शाळा आपल्यासाठी आहे, हे लोकांच्या मनात उतरवलं. मनातलं अंतर हेही अंतरच असतं.

स्वातंत्र्यानंतर

राज्यघटनेच्या ४५ व्या कलमानं सांगितलं, की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायचा शासनानं प्रयत्न करावा. दहा वर्षं म्हणजे १९६० पर्यंत. प्रत्यक्षात तो मूलभूत हक्क व्हायला २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती लागली, आणि शिक्षण हक्क कायदा लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडलं. दहा वर्षांचं काम साठ वर्षांवर गेलं.

मग मधल्या काळात काहीच झालं नाही का? झालं, आणि पुष्कळ झालं. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शाळेचं छप्पर गळतंय हे सांगायला मुंबईला जायची गरज उरली नाही. गावोगावी झेडपीची शाळा उभी राहिली. या सभागृहातल्या निम्म्या लोकांची पहिली शाळा तीच असेल. हात वर करा म्हणत नाही, पण आहे ना?

१९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहीम आली. शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक, थोडं साहित्य. शिक्षकांमध्ये शक्यतो एक बाई, कारण बाई दिसल्या की आई पोरीला पाठवते. १९९५ मध्ये पोषण आहार सुरू झाला. सुरुवातीला हजेरीवर महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा, तो घरी जायचा. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की शिजवलेलं अन्न द्या. आता खिचडीला आपण हसतो. पण आई-बाप पहाटेच वावरात गेलेत, त्या घरातल्या लेकरासाठी ती खिचडी शाळेचं अर्धं अंतर कापते.

याच काळात मुलींसाठी उपस्थिती भत्ता आला. दुर्बल घटकांतल्या मुलीला हजेरीच्या दिवसाला एक रुपया. वर्षानुवर्षं तो एकच रुपया राहिला. सुरू झाला तेव्हा त्याची वही येत होती. नंतर गोळीही येईना. योजना चांगली असते, पण तिच्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही, त्याचा हा नमुना.

मोठ्यांची साक्षरता

प्रौढांचं काय? महाराष्ट्रानं यात देशाला वाट दाखवली होती. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि मग राज्यभर गेली. रात्री कंदिलाच्या उजेडात वर्ग. सगळं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ. उत्साह खरा होता. पण समारंभ झाला की वर्ग बंद. वाचायला हातात काही नाही, लिहायला कारण नाही. दोन-तीन वर्षांत अक्षरं पुसली गेली. पोहणं विसरत नाही म्हणतात, पण अक्षर विसरतं, हे त्या मोहिमेनं शिकवलं.

पुढं १९७८ चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, १९८८ चं साक्षरता अभियान आणि आता 'उल्लास'. १७ मार्च २०२४ ला त्याची राज्यात परीक्षा झाली, तेव्हा आज्या नातवंडांच्या शाळेत बाकावर बसल्या होत्या. छान दृश्य होतं. पण प्रश्न परीक्षेनंतरचाच आहे. त्या आजीच्या हातात उद्या काय आहे? बँकेची स्लिप ती स्वतः भरते का? बसची पाटी वाचते का? तेवढं झालं तरच अक्षर टिकेल.

आकडे काय सांगतात?

१९६१ मध्ये महाराष्ट्राची साक्षरता सुमारे ३५ टक्के होती. २०११ मध्ये ८२ टक्के. आणि आपला अकोला जिल्हा? ८८ टक्के! अमरावती ८७. राज्याच्या सरासरीच्या पुढं. मागास विदर्भ म्हणतात ना, त्यांना हा आकडा सांगत चला.

पण थांबा, टाळ्या नको. अकोल्यात पुरुष ९२ टक्के आणि बायका ८३. म्हणजे शंभरातल्या सोळा-सतरा बायकांना तेव्हा वाचता येत नव्हतं. या बायका कुठं आहेत? कापूस वेचणीच्या वेळी वावरात पाहा. आश्विन-कार्तिकात वेचणी आली की घरातली मोठी पोरगी शाळेतून निघते. एक तर वेचायला जाते, नाही तर धाकट्याला सांभाळते. खारपाणपट्ट्यात तिला वर्षानुवर्षं पाणीही भरावं लागलं.

आणि अमरावतीच्या ८७ टक्क्यांत मेळघाट झाकला जातो. धारणी, चिखलदऱ्यातलं कोरकू लेकरू पहिलीत येतं, तेव्हा त्याच्या कानावर मराठी पडलेलीच नसते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचं नातं नाही. शाळा घराला लागून असली तरी त्या लेकरासाठी ती दूरच आहे. ते गप्प बसतं आणि आपण म्हणतो, मूल मंद आहे! बरं, जनगणनेतला साक्षर म्हणजे सात वर्षांवरचा, समजून लिहू-वाचू शकणारा. पण हे घरातल्यांना विचारून लिहितात. मुलांना प्रत्यक्ष वाचायला देऊन पाहणाऱ्या 'असर' अहवालात काय दिसलं? २०१८ मध्ये देशातल्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी ५०.५ टक्के मुलं दुसरीचा उतारा वाचू शकत होती. कोरोनानंतर, २०२२ मध्ये, ४२.८ टक्के. शाळा दोन वर्षं लांब गेली, त्याचा हा परिणाम.

आता फूटपट्टी लावू

शिक्षण हक्क कायद्याचा महाराष्ट्रातला नियम असा, की पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. म्हणजे कायद्यानं अंतर मान्य केलं.

पण आता पट घसरतोय. जन्मदर कमी झाला. लोक अकोल्याला, पुण्याला गेले. इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात येते. २०१७ मध्ये शासनानं दहाहून कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचं ठरवलं. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचा प्रस्ताव मागवला. राज्यात अशा शाळा सुमारे पंधरा हजार! तोरणमाळ आणि पानशेतचा दाखला दिला गेला.

शासनाची बाजू खोटी नाही. पाच पोरांच्या शाळेत खेळायला भिडू नसतो. एक मास्तर चार वर्ग घेतो, वर ऑनलाइन माहिती भरतो. पाच पोरांसाठी दोन शिक्षक कशाला पोसायचे, असं तुमच्यातही कोणी म्हणेल. मोठ्या शाळेत ग्रंथालय, मैदान, विषयाचे शिक्षक मिळतील हेही खरं.

पण नकाशावरचं अंतर आणि आपल्या काळ्या मातीतलं अंतर एक नसतं. नकाशावर दोन किलोमीटर. आषाढात मधला नाला भरला की ते दोन किलोमीटर दोन दिवसांचे होतात. गाडी देऊ म्हणतात. चिखलात गाडी रुतली, डिझेलचं बिल थकलं, की आधी कोण घरी बसतं? मुलगा सायकल काढतो. मुलीचा बाप म्हणतो, 'मास्तर, पोरगी मोठी झाली, आता कायले धाडू तिले इतक्या दूर शायेत?' तो बाप वाईट नाही. त्यानं रस्ता पाहिलाय.

म्हणून माझं मत असं. जिथं दोन शाळा पाचशे मीटरवर आहेत आणि मध्ये बारमाही रस्ता आहे, तिथं जरूर एकत्र करा. जिथं नाला, जंगल किंवा हमरस्ता ओलांडावा लागतो, तिथं पाच पोरांचीही शाळा ठेवा. आणि ठरवण्याआधी पावसाळ्यात एकदा ती वाट सहा वर्षांच्या मुलीचा हात धरून चालून बघा. हा अहवाल कार्यालयात बसून होत नाही.

आपण काय करू शकतो? कायद्यानं प्रत्येक झेडपी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तीत पंचाहत्तर टक्के पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. ही समिती बहुतेक ठिकाणी सहीपुरती आहे. तिच्या पुढच्या बैठकीला जा. पट किती, हे सगळेच विचारतात. तुम्ही दुसरा प्रश्न विचारा: वेचणीच्या महिन्यात कोणत्या मुली आल्या नाहीत, आणि त्यांच्या घरी कोण गेलं? नावं लिहून घ्या. एका गावात ती चार-पाचच असतील. चार-पाच घरं फिरणं कोणत्याही गावाला जमतं.

फुल्यांनी मागितलेलं मिळायला सव्वाशेहून अधिक वर्षं लागली. जवळ आलेली शाळा आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा लांब जाऊ नये, एवढी काळजी आपण घ्यायची.